नऊ मीटर उंचीची चोरी

पाचवीच्या वर्गात टक्केवारी शिकवली गेली, तेव्हा सुतारबाई कांजिण्या येऊन घरी पडली होती. परत आली तोवर वर्ग पुढे त्रिकोणात जाऊन पोहोचला होता. मागे वळून बघायला कुणाला सवड नव्हती, आणि तिलाही विचारायची लाज वाटली. वर्षभरात शाळा सुटली, वडिलांनी हातात रंधा दिला आणि टक्के राहिले ते राहिलेच. पन्नाशी आली तरी कुठे ते चिन्ह दिसलं की ती नजर चुकवायची. दोन शून्यं आणि त्यांचं भांडण सोडवायला मधे पडलेली काठी, यापलीकडे तिला त्यातलं काही कळत नसे.

तसं तिचं काही अडलं नाही. जुनी कागदपत्रं सांभाळणाऱ्या एका मोठ्या कार्यालयात ती सुताराच्या जागेवर होती. दारं, खिडक्या, कपाटं, सगळं तिच्या हाताखालून जायचं. डोळ्यांनी मापलं तरी तिचा एक मिलिमीटर चुकत नसे.

मग नवे साहेब आले. पहिल्याच आठवड्यात तपासणीला आलेले कुणीतरी त्यांना म्हणाले, "तुमचे लोक येणाऱ्याजाणाऱ्यांकडे वरून बघतात." साहेबांनी ते शब्दशः घेतलं. दुसऱ्या दिवशी आदेश निघाला: सर्व चाळीस खुर्च्यांची उंची वीस टक्क्यांनी कमी करावी.

आदेश घेऊन सुतारबाई हेडक्लार्कबाईंकडे गेली. हेडक्लार्कबाईंनी कागदावर काहीतरी खरडलं आणि म्हणाल्या, "पन्नास सेंटिमीटरच्या खुर्च्या. दहा काप."

तिने कापले. एकशेसाठ पाय, प्रत्येकी दहा सेंटिमीटर.

दुसऱ्या दिवशी कार्यालय टेबलांमागे गायब झालं. सगळ्यांच्या हनुवट्या टेबलावर टेकल्या होत्या. टंकलेखक मुळातच ताडमाड उंच. त्याचे गुडघे कानांशी आले आणि टंकलेखन यंत्र डोळ्यांपुढे भिंतीसारखं उभं राहिलं. महिनाभरात बोंब झाली आणि साहेबांनी उदार मनाने आदेश काढला: खुर्च्यांची उंची वीस टक्क्यांनी वाढवावी.

"आता किती, बाई?"

"चाळीसच्या खुर्च्या. आठ जोड."

कापलेले तुकडेच तिने आठ-आठ सेंटिमीटरचे करून खुंट्या मारून परत बसवले. उरलेल्या दोन-दोन सेंटिमीटरच्या चकत्या गुळगुळीत घासल्या आणि कागद उडू नयेत म्हणून टेबलाटेबलावर वाटून टाकल्या. लोक खूश झाले. खुर्च्या दोन सेंटिमीटर बुटक्या राहिल्या, हे टंकलेखकाच्या गुडघ्यांखेरीज कुणाला कळलं नाही.

सहा महिन्यांनी साहेबांना वाटलं की पाय हलवत बसलेला माणूस कामचुकार दिसतो. वीस टक्के कमी. पुन्हा ओरड, पुन्हा वीस टक्के वाढ. पुढच्या वर्षी तिसरा फेरा झाला, त्या आदेशात कारण लिहायला जागाच नव्हती. दर फेऱ्याला हेडक्लार्कबाई आकडा काढून देत, सुतारबाई कापायची, जोडायची, उरलेल्या चकत्या वाटायची. एकेका टेबलावर बारा-बारा चकत्या झाल्या. लोक जेवणाच्या सुटीत त्यांचे मनोरे रचू लागले.

मग एकदा हिशेबतपासनीस आले आणि त्यांनी खुर्ची मोजली. सव्वाचव्वेचाळीस सेंटिमीटर! दप्तरात तर पन्नास लिहिलेलं. त्यांनी पावणेसहाला एकशेसाठ पायांनी गुणलं आणि शेरा मारला: कार्यालयाची नऊ मीटर वीस सेंटिमीटर उंची बेपत्ता आहे.

साहेबांनी सुतारबाईला बोलावलं.

"तीनदा वीस कमी, तीनदा वीस जास्त. बेरीज किती?"

"मला टक्क्यांतलं कळत नाही, साहेब."

"शून्य! लहान पोरही सांगेल. मग एवढी उंची गेली कुठे?"

तिने हेडक्लार्कबाईंकडे बघितलं. हेडक्लार्कबाई खिडकीबाहेर बघत म्हणाल्या, "मी आदेशापुरता आकडा काढते. मागची बेरीज माझ्या टेबलावर येत नाही."

दुसऱ्या दिवशी सकाळी चौकशी अधिकारी मोजपट्टी घेऊन तिच्या घरी आला. चोरलेली उंची कुठे लपवलीय, हे त्याला शोधायचं होतं. त्याने स्टूल मोजलं, पाट मोजले, दाराचा उंबरठासुद्धा मोजला. शेवटी तो सासूबाईंच्या खाटेपाशी आला. सासूबाई ऐंशीच्या घरातल्या, गुडघे गेलेल्या, पण जीभ शाबूत. त्याने खाट मोजली आणि त्याचे डोळे चमकले. बाजारातल्या खाटेपेक्षा ती बरोबर पावणेसहा सेंटिमीटर जास्त उंच होती.

"मला उठायला सोपं जावं म्हणून सुनेने उंच केलीय," सासूबाई म्हणाल्या.

"तेच तर," अधिकारी म्हणाला आणि त्याने खाट जप्त केली.

सुतारबाई कपाळाला हात लावून बसली. जमिनीवर अंथरलेल्या गादीवरून सासूबाईंनी विचारलं, "झालं काय ते नीट सांग." तिने सगळं सांगितलं. कांजिण्यांचंही सांगितलं, जे तिने नवऱ्यालाही कधी सांगितलं नव्हतं.

सासूबाईंनी तीस वर्षं एका दवाखान्यात औषधं कालवून दिली होती. टक्क्यांत चूक झाली तर माणूस दगावतो, अशा ठिकाणी त्यांचं आयुष्य गेलं होतं. त्या म्हणाल्या, "वाटाण्यांचा डबा आण. शंभर मोज."

तिने शंभर वाटाणे मोजून चादरीवर ठेवले.

"वीस टक्के काढ."

"म्हणजे किती, आई?"

"शंभरातले वीस. टक्का म्हणजे तेवढंच, बाकी सगळा बाऊ."

तिने वीस काढले. ऐंशी उरले.

"आता वीस टक्के घाल."

तिने बाजूचे वीस उचलले, तोच सासूबाईंनी तिच्या हातावर चापट मारली. "कशाचे वीस टक्के? आधी ते विचार. टक्का पोरका नसतो, त्याला बाप असतो. मघाशी बाप शंभर होता. आता कोण आहे?"

"ऐंशी."

"मग ऐंशीचे पाच सारखे वाटे कर. त्यातला एक म्हणजे वीस टक्के."

तिने वाटे केले. एकेकात सोळा आले. तिने सोळा वाटाणे ढिगात घातले आणि चार हातात उरले. ते चार तिने तळहातावर घेऊन पुन्हा मोजले.

"आई, ही चोरी मी नाही केली!"

"नाही. पण शिकून घे, नाहीतर जन्मभर भरशील."

पुढचे आठ दिवस त्या घरात साधं बोलणं बंद झालं. "सूनबाई, पेला पंचाहत्तर टक्के भर." "हा ऐंशी झाला, पी थोडा." "पंखा दहा टक्के हळू कर." "काल दुधात किती टक्के पाणी होतं, चव घेऊन सांग." कामाला जाताना ती रस्ता टक्क्यांत मोजू लागली, अर्ध्या वाटेवरून परतावं लागलं तर किती टक्के चालणं फुकट गेलं, तेही काढू लागली. नवरा मुकाट्याने दोघींचं ऐकायचा आणि विचारलेल्याचं उत्तर चुकलं की भांडी घासायचा.

चौकशीच्या दिवशी ती शंभर सेंटिमीटरची पट्टी आणि करवत घेऊन साहेबांच्या खोलीत गेली. सगळ्यांदेखत तिने वीस कापले.

"साहेब, उरलेल्याचे वीस टक्के किती?"

"वीस."

"हेडक्लार्कबाई, तुम्ही सांगा."

हेडक्लार्कबाईंना आकडेमोडीत कधी खोटं बोलता आलं नव्हतं. "सोळा," त्या पुटपुटल्या.

तिने सोळाचा तुकडा जोडला आणि पट्टी साहेबांपुढे धरली. शहाण्णव. उरलेला चारचा तुकडा टेबलावर पडला आणि घसरत साहेबांच्या कागदांवरल्या बारा चकत्यांना जाऊन टेकला.

सुतारबाईने त्या चकत्यांकडे बघितलं. मग अधिकाऱ्याकडे बघितलं. काखेत कळसा नि गावाला वळसा म्हणतात तो असा.

"तुमची उंची ही काय! सगळ्यांच्या टेबलांवर आहे. मोजून घ्या, चारशेऐंशी भरतील."

अधिकाऱ्याने दुपारपर्यंत मोजल्या. चारशेऐंशी भरल्या, एकावर एक धरल्या तर नऊ मीटर वीस. पण साहेब सहजासहजी ऐकणारे नव्हते. "या चकत्या आहेत. उंची उभी असते."

"मग उभी करू. सांगा, जोडू का?"

"किती टक्के?" साहेबांनी संशयाने विचारलं. "वीसच्या वर जाता येणार नाही. जेवढं कमी केलं त्याहून जास्त वाढवायची नियमात सोय नाही."

सुतारबाईने डोळे मिटले. सव्वाचव्वेचाळीसचा एक टक्का म्हणजे अर्ध्या सेंटिमीटरपेक्षा थोडा कमी. पाहिजेत पावणेसहा. तिने बोटं मोजली.

"तेरा टक्के, साहेब. आजच्या उंचीच्या. 'आजच्या' हा शब्द आदेशात लिहायचा."

साहेबांचा चेहरा उजळला. "तेरा? म्हणजे दर वेळेपेक्षा सात टक्के काटकसर!" त्यांनी तिथल्या तिथे सही ठोकली आणि अशी काटकसर सुचवल्याबद्दल तिच्या सेवापुस्तकात चांगला शेराही मारला. खाट संध्याकाळी हातगाडीवरून परत आली. सासूबाईंनी आधी खाटेचे पाय तपासले, मग अधिकाऱ्याला पाणी विचारलं.

दोन आठवड्यांत एक सोडून सगळ्या खुर्च्या पन्नासवर आल्या. टंकलेखक बसला, त्याने पाय लांब केले आणि बराच वेळ काही टंकलेखन न करता नुसता बसून राहिला. शेवटची खुर्ची जोडायला घेण्याआधी सुतारबाई दमून तिच्यावर टेकली. ती स्वतः ठेंगणी. एवढी वर्षं चाळीस खुर्च्यांची कामं केली, पण पन्नासच्या खुर्चीवर तिचे पाय जमिनीला कधी नीट लागले नव्हते, आणि बुटक्या झालेल्या खुर्च्यांवर बसून बघायला तिला सवड नव्हती. या सव्वाचव्वेचाळीसच्या खुर्चीवर ते लागले.

तिने करवत बाजूला ठेवली, हेडक्लार्कबाईंकडून दप्तर मागून घेतलं आणि स्वतःच्या हाताने नोंद केली: खुर्ची एक, मूळ उंचीच्या साडेअठ्ठ्याऐंशी टक्के, सुतारकामाच्या खोलीसाठी. चिन्ह काढताना तिने दोन्ही शून्यं अगदी गोल काढली.