घरामागची मोकळी जमीन

मुलांनो, परवा फोनवर तुम्ही विचारलंत, "आजी, सरकारी नकाशात तुझ्या घरामागे मोकळी जमीन दिसते. तिथे क्रिकेट खेळता येईल का?" तिथे तलाव आहे. त्या एका चुकीपायी आपल्या शेजारच्या आबांचं शेवटचं वर्ष गेलं. तुम्हालाही ती खरी वाटली, म्हणून आज लिहायला बसले.

चष्मा कपाळावर चढवायचा आणि बसण्याआधीच मोबाइल समोरच्याच्या नाकापुढे धरायचा, ही आबांची सवय. रेल्वेतून निवृत्त झालेले, मूळचे अमरावतीकडचे, रायपूरच्या समता कॉलनीत आमच्या भिंतीला भिंत लागून राहायचे.

"वाचा वहिनी. आपला तलाव सरकारनं वाळवून टाकला."

सरकारी संकेतस्थळावर आमच्या तलावापुढे लिहिलं होतं: कोरडी, मोकळी जमीन.

त्या उन्हाळ्यात पाऱ्यातल्या, म्हणजे आमच्या वस्तीतल्या, लोकांनी तलाव उपसून गाळ काढला होता. नेमके तेव्हाच मोजणीवाले आले, भेगाळलेल्या तळाचा फोटो काढून निघून गेले. पावसाळ्यात तलाव काठोकाठ भरला. तो बघायला कुणी आलं नाही. गाळ काढा म्हणून घरोघरी मागे लागले होते ते आबाच. "मीच उपसायला लावलं ना," एवढंच म्हणत आणि पुढ्यातला चहा निवून जाई.

नोंद दुरुस्त करण्याचा अर्ज त्यांनी माझ्याकडून लिहून घेतला. "इंग्रजीत लिहा. हिंदी अर्ज ऑफिसवाले ठेवून देतात, इंग्रजीला जरा घाबरतात." मी घातलेलं 'प्लीज' मात्र त्यांनी खोडलं. "मेहरबानी नाही मागून राहिलो मी. फक्त खरं लिहा."

उत्तर येईना, तेव्हा मी गाडी काढली आणि आम्ही नवा रायपूरच्या सरकारी कार्यालयात गेलो. टेबलामागचा तरुण नम्र होता.

"अंकल, पोर्टल पर तो सूखा है."

"बेटा, मेरे साथ चलो. तुम्हारे जूते गीले न हों तो मैं झूठा."

तो हसला. पुढच्या सर्वेक्षणात बघू म्हणाला. पुढचं कधी? "जब होगा, अंकल."

परतताना शहरातला तेलीबांधा तलाव लागला. तो बघून आबा म्हणाले, "वहिनी, हा पोट्टा वाईट नाही. पण त्याले पाण्यापेक्षा फोटो खरा वाटते."

दिवाळीनंतर एका सकाळी मलब्याचे, म्हणजे राडारोड्याचे, ट्रक आले. त्या 'मोकळ्या जमिनी'वर सामाजिक भवन होणार होतं. ठेकेदाराच्या माणसानं आबांनाच मोबाइल दाखवला. "दादाजी, सरकारी रिकॉर्ड है. यहाँ पानी नहीं है."

एक ट्रक तलावात रिकामा झाला. दुसरा मागे येऊ लागला तसे आबा धोतर खोचून घाटाच्या पायऱ्या उतरले आणि मांड्यांइतक्या पाण्यात ट्रकच्या मागे उभे राहिले.

"भाऊजी, काय करून राहिले? वर या!" मी ओरडले.

"काहून? इथं पाणीच नाही म्हणतात, वहिनी. मी कोरड्यात उभा आहे."

काठावरच्या बायका हसल्या, मग कपडे धुणं सोडून एकेक करत त्याही उतरल्या. ट्रक परत गेले. आबांना त्याच रात्री ताप भरला. थंडी सरण्याआधी ते गेले. दहाव्याचा विधी त्याच घाटावर झाला.

संकेतस्थळावर दुरुस्तीच्या अर्जापुढे अजून 'विचाराधीन' दिसतं. तलावाचा एक कोपरा बुजला आहे. बाकीच्यात पाणी आहे.