खटका आणि चुंबक

नागपूरजवळच्या आमच्या कारखान्यात कोळसा ढकलणारा एक यांत्रिक हात होता. तो टोकाला पोचला हे सांगणारा खटका दर आठवड्याला कोळशाच्या भुकटीने अडकायचा. मी इंजिनीअर, चार महिने निरनिराळी झाकणं करून थकलो होतो.

मग फोरमनने नागपूरच्या सदर बाजारातून एका रेडिओ दुरुस्त करणाऱ्याला आणलं. पायात रबरी चपला, खिशात काचेची बोटभर नळी. ती कानाशी धरून तो चुंबक जवळ न्यायचा. आतल्या दोन लोखंडी पट्ट्या चिकटून टिक वाजलं की डोळे मिटून मान डोलवायचा. तेवढं समाधान मला पदवी मिळाली तेव्हाही झालं नव्हतं.

नळी ठेवायला मी लोखंडी डबी पुढे केली. त्याने ती बाजूला सारली.

"लोखंड चुंबकाची ओढ आत जाऊ देत नाही साहेब. पितळ पायजे."

काचेची नळी त्याने पितळी नळीत घालून दोन्ही तोंडं लाखेने बुजवली, ती जुन्या खटक्याच्या जागी बसवली, यांत्रिक हातावर जुन्या स्पीकरचा चुंबक बांधला आणि म्हणाला, "भुकटी तर राहणारच. तिले आत याले जागाच काहून ठेवता?"

माझे कान तापले.

पुढे रोज सकाळी मी आधी तिथेच जायचो, आज तरी अडकलं असेल या आशेने. कधीच अडकलं नाही. वरच्या साहेबांनी पाठ थोपटली ती माझी, कारण अहवाल माझा होता.

त्याचं नाव मी विचारलं नव्हतं. विचारलं असतं, तर अहवालात लिहावं लागलं असतं.