शांताक्काचा डबा

उमरग्यात खोटं न बोलता दुकान चालवणारी एकच बाई झाली, ती शांताक्का. नवरा माणिकप्पा तराजूपाशी बसायचा, पण गिऱ्हाईक भाव विचारायचं तिला. खोटं बोलणार नाही अशी गळ्यातल्या लिंगाची आण घेतलेली, त्यामुळं चुगल्यांच्या बैठकीत तिचा काडीचा उपयोग नव्हता. रंगात आलेली गोष्ट ती एका वाक्यात मारून टाकायची, "मी बघितलं न्हाय."

तर निजामाचं राज्य शेवटाला आलेलं. माणिकप्पाचा धाकटा भाऊ सोमलिंग निजामाविरुद्धच्या चळवळीत शिरला आणि सोलापूरकडं निघून गेला. मागं राहिली त्याची मराठी पुस्तकांची ट्रंक. अमीन, म्हणजे पोलिसांचा साहेब, चळवळीतल्यांची पुस्तकं शोधत घरं तपासत फिरतोय असं कळलं, तसा माणिकप्पाला घाम फुटला. पुस्तकं बंबात घाला म्हणाला.

"आन् भावजी परत आल्यावर काय दाखवू? राख?" शांताक्का म्हणाली. दिराचा जीव त्या पुस्तकांत होता, हे तिला ठाऊक.

दुसऱ्या दिवसापासून तिचा पितळी डबा गल्लीत फिरायला लागला. तळाशी पुस्तक, वर झाकण. ज्याच्या घरी जाई, त्याला आधी धोका सांगायची. हे आमच्याकडं सापडलं तर अडचण हाय, तुमच्याकडंबी सापडू शकतं. नको असलं तर नको म्हणा, राग न्हाय. घेतलंत तर तुमचंच झालं, परत मागणार न्हाय. इतकं रीतसर कुणी सोयरिकीचंही बोलत नाही. शेतात न फिरकणाऱ्या भीमाशंकरला तिनं बैलांच्या रोगांवरचं पुस्तक दिलं. तो ते मान समजून घरभर मिरवत होता. आता त्याचा गैरसमज कशाला मोडा?

एक जाड पुस्तक मात्र कुणी घेईना. मग ते ती शेजारच्या विठाबाईकडं घेऊन गेली. दोघींचं न्हाणीच्या पाण्यावरून वाकडं. शांताक्काचं पाणी विठाबाईच्या अंगणात जायचं. धोका सांगून झाला, विठाबाईनं पुस्तक ठेवूनही घेतलं, पण लगेच पाण्याचा विषय काढला. शांताक्काला खोटं बोलायची बंदी होती, शिव्यांची नव्हती. दोन सणसणीत हासडून, डबा तिथंच टाकून ती घरी आली.

आता आमच्या लोकांची खोड. शेजारचं भांडं रिकामं परत करायचं नाही. कुणी डब्यातून कुरडया पाठवल्या, कुणी पापड, कुणी शेंगा. विठाबाईनं डबा भरून लाल मिरच्या धाडल्या. उंदरांच्या भीतीनं शांताक्कानं सगळं ट्रंकेत भरलं.

आणि अमीन आला. ट्रंक उघडली, तर पुस्तकांच्या जागी अख्ख्या गल्लीचं वाळवण. एवढं कुठनं आलं, असं त्यानं विचारलं. शेजाऱ्यांनी दिलं, शांताक्का म्हणाली. का दिलं? आमच्यात भांडं रिकामं परत देत न्हाईत, साहेब.

अमीन हुशार. म्हणाला, "मग त्या भांड्यातून तुम्ही आधी काय दिलं होतं?"

शांताक्काचा हात गळ्यातल्या लिंगावर गेला. डाळ म्हणाली असती तर सुटली असती, पण आण आडवी आली. दाराशी जमलेले आम्ही सगळे जमिनीकडं बघत होतो.

तेवढ्यात गर्दीतून विठाबाई पुढं आली. "साहेब, माझं मला विचारा. हिनं मला शिव्या दिल्या, म्हणून म्या मिरच्या दिल्या. बघा, वरच्याच हायेत."

अमीनानं खरंच वाकून बघितलं आणि त्याला असा ठसका लागला की शिपायानं पाणी आणेस्तोवर डोळे लाल झाले. हसू दाबत गेला की शिंका, ते मी सांगत नाही. मीही बघितलं न्हाय. ट्रंक मात्र पुन्हा उघडली नाही.

निजामाचं राज्य गेलं, सोमलिंग परतला. ट्रंकेत कुरडया बघून त्याचा चेहरा पडला. शांताक्का म्हणाली, "भावजी, दिलेल्या लेकी परत मागत न्हाईत. जाऊन नांदतायत का बघून या."

तो गल्लीभर हिंडला. भीमाशंकरनं त्याला स्वतःच्या बैलाचे खूर दाखवले. विठाबाईकडं ओसरीवर सून ते जाड पुस्तक मोठ्यानं वाचत होती, चार बाया गहू निवडत ऐकत होत्या. सोमलिंग दाराशीच बसून राहिला.

पुस्तक संपलं त्या दिवशी विठाबाईनं ते त्याच डब्यात घालून पाठवलं. सोबत निरोप, भांडं रिकामं परत देऊ नका. शांताक्कानं दिराकडनं नवं पुस्तक मागून डब्यात घातलं आणि स्वतः पोचवायला गेली. न्हाणीच्या पाण्यावरून त्या दिवशीही भांडण झालं म्हणतात.