गाठ साधी होती

आज पहाटे माझी वहिनी गेली. न्यूमोनियाने.

खरं तर ती काही वर्षांपूर्वीच गेली असती. एका साध्या गाठीने.

सुनंदावहिनी. माझ्या थोरल्या दादाची बायको. माहेर उरणकडचं, मिठागरवाल्यांचं. लग्न होऊन करंजाड्याला आमच्या घरी आली तेव्हा मी कॉलेजात होते. तिने मला साडी नेसायला शिकवली, आणि आईशी भांडायलाही.

मग, तिची पोर लग्नाला आली तेव्हा, तिला झटके यायला लागले.

काम करता करता एकदम थांबायची. तोंड पांढरंफटक. घामाच्या धारा. दोन्ही हातांनी डोकं दाबून धरायची. "छातीत ढोल वाजतंय," म्हणायची.

थोड्या वेळाने सगळं शांत. डॉक्टरकडे पोचेपर्यंत बीपी नॉर्मल, ईसीजी नॉर्मल.

"टेन्शन घेतात," एक डॉक्टर म्हणाले.
"पाळी जायचं वय आहे," दुसरे म्हणाले.
तिसऱ्यांनी झोपेच्या गोळ्या दिल्या.

आई म्हणाली, "बाहेरचं हाय." भगताकडे न्यायचा दिवससुद्धा ठरला.

वहिनी एवढंच म्हणायची, "मी नाटक करत नाय. मी येडी बी नाय."

भगताकडे जायच्या आदल्या दिवशी मी खांदा कॉलनीहून माहेरी गेले होते. वहिनी वाकून हंडा उचलत होती. तो हातातून सुटला. ती भिंतीला टेकून खाली बसली.

वडिलांचं, आप्पांचं, बीपी मशीन घरात होतं. पट्टा तिच्या दंडाला लावला.

वरचा आकडा अडीचशेच्या जवळ.

वाटलं, मशीन बिघडलं. दुसऱ्या दंडाला लावलं. तेच.

मी आकड्याचा फोटो काढला, दादाने गाडी काढली. पनवेलच्या हॉस्पिटलात पोचेपर्यंत बीपी उतरलं होतं. पण तिथल्या डॉक्टर मॅडमनी फोटो नीट बघितला. मग वहिनीला विचारलं,

"डोकेदुखी, घाम, धडधड. तिन्ही एकदम येतं?"

"एकदमच येतं, मॅडम."

आतापर्यंत हे तिला कुणी विचारलंच नव्हतं.

लघवीची तपासणी, मग सीटी स्कॅन. किडनीच्या डोक्यावर एक छोटी ग्रंथी असते. तिच्यात लिंबाएवढी गाठ.

"कॅन्सरसारखी दिसत नाही. साधी गाठ आहे."

दादाने हात जोडले. "मग पोरीची हळद होऊन जाऊ दे मॅडम, नंतर बघू."

"नाही. ही गाठ मध्येच रक्तात रसायन सोडते आणि बीपी भडकतं. एखाद्या झटक्यात मेंदूतली शीर फुटू शकते. साधी आहे म्हणून ठेवता येणार नाही."

तपासायला सुई घालून तुकडासुद्धा काढायचा नव्हता. डिवचली की भडकणार.

 

वहिनी म्हणाली, "काढा. मना पोरीच्या हलदीत नाचायचं हाय."

आधी बीपी आटोक्यात आणायच्या गोळ्या. त्यांनी उठलं की चक्कर यायची. ती येऊ नये म्हणून भरपूर पाणी प्यायचं, मीठ जास्त खायचं. वहिनी हसली होती, "मिठागरवाल्याच्या पोरीला मीठ खायला सांगतान!"

ऑपरेशनच्या दिवशी नाही हसली. तिचं मंगळसूत्र आणि बांगड्या रुमालात बांधून दादाने मुठीत धरल्या होत्या.

मध्येच दार उघडलं. भूल देणारे डॉक्टर.

"गाठीला हात लागला की बीपी उसळतंय. आम्ही थांबलोय. खाली आलं की पुढे जाऊ."

दार बंद.

"थांबलो म्हंजे काय गं?" दादाने मला विचारलं.

आई पदर तोंडात धरून बसलेली.

पुन्हा दार उघडलं. "गाठ निघाली. पण आता बीपी फार खाली गेलंय. औषध चालू आहे."

वर गेलं तरी भीती, खाली गेलं तरी भीती.

नंतर कुणीच बाहेर येईना. दादा दाराकडे जायचा, हात वर करायचा, न ठोकताच परत यायचा.

शेवटी सर्जन आले. मास्क खाली केला.

"बीपी स्थिर आहे. घाबरू नका."

दादाने मूठ उघडली. तळहातावर बांगड्यांचे वळ उमटले होते.

आयसीयूत वहिनीने डोळे उघडले. आईकडे बघितलं आणि घोगऱ्या आवाजात म्हणाली, "आय, भूत निंगालं."

आई रडली. मग रडता रडता हसली.

पुढे रिपोर्टही चांगला आला. गाठ साधीच होती. झटके थांबले ते थांबलेच.

आणि हळदीत ती नाचली. अशी नाचली की मुलाकडच्या बायका विचारत होत्या, ही नवरीची करवली का?

आजी झाली. माझ्या मुलांचे लाड केले. मला वाटेल ते बोलली.

गेल्या आठवड्यात ताप आला, छातीत उतरला. पुन्हा तसंच बंद दार, तसेच आम्ही बाहेर. या वेळी 'घाबरू नका' म्हणायला कुणी आलं नाही.

आता तिला घरी आणलंय. आई मघापासून तिचे पाय चोळतेय. "गार पडलेत गं," म्हणतेय. आम्ही कुणीच तिला थांबवत नाही.

दुपारी करंजाड्याच्या घरून नेतील.

वहिनी, भरल्या मनाने निरोप.