मार खाल्ला का पैसा पचते

वामनभाऊ निमगडे जिंकायच्या बेतात आले की तोंडातली वरची कवळी काढायचे, रुमालात गुंडाळायचे आणि पार्लरच्या मालकाच्या हाती द्यायचे. पहिल्यांदा ती माझ्या हातात आली तेव्हा मला नुसती किळस आली. हा प्रकार कशासाठी, ते थोड्या वेळाने कळलं.

वरोऱ्याला बसस्टँडमागे माझं पूल पार्लर आहे. दोन टेबलं, एक कूलर, भिंतीवर ‘येथे जुगार खेळू नये’ अशी पाटी आणि त्या पाटीखाली रोज चालणारा जुगार. त्या दुपारी रेक्झिनची बॅग घेतलेला एक पन्नाशीचा वाळका माणूस आत आला. बियाण्याचा एजंट आहे म्हणाला, बस चुकली म्हणाला, आणि टेबलाकडे बोट दाखवून “हे कसं खेळते हो?” असं विचारलं. कोळशाच्या ट्रकवरच्या पोरांनी त्याला मोठ्या प्रेमाने शिकवलं. बकरा सापडला की माणसाच्या अंगात शिक्षक संचारतो, हे मी रोज पाहतो. दुपारभर तो हरत राहिला. स्टिक उलटी-सुलटी धरायचा, पांढरा बॉल स्वतःच पॉकेटात घालायचा, कपाळावर हात मारून घ्यायचा. मग पोरांनी डाव वाढवला आणि त्याने कवळी काढली. पुढचे सगळे बॉल त्याने एका दमात घातले. शेवटचा काळा बॉल आत पडला आणि पहिली लाथ त्याच्या पोटात बसली.

मारामाऱ्या मी पुष्कळ पाहिल्या आहेत, काही केल्याही आहेत. पण मार खायची अशी तयारी कधी पाहिली नव्हती. लाथ बसताच तो डाव्या कुशीवर पडला, गुडघे पोटाशी घेतले, दोन्ही हात काखेत खुपसले आणि “अरे बापा रे, मेलो रे” असा बोंबलला, की स्टँडवरचे ऑटोवाले धावत आले. पोरं बुटांनी मारत होती. त्याचा ओठ फाटला, भुवई फुटली, फरशीवर रक्ताचा पट्टा उमटला. शेवटी पोरं दमली, आईबहिणीवरून शिव्या घालत निघून गेली. तो उठून बसला, माझ्यापुढे हात पसरला आणि बोबड्या आवाजात म्हणाला, “मालक, दात द्या.”

मी त्याला पाणी दिलं, चहा मागवला. पैसे त्याच्या मोज्यात जसेच्या तसे होते. पोरांनी ते हिसकावले कसे नाहीत, याचं मला नवल वाटलं.

“मारनारा मानूस पैसा मांगत नाई, मालक,” तो फुटक्या ओठाने चहा फुंकत म्हणाला. “मारलं का त्याले वाटते हिसाब बराबर झाला. वरून थोडी लाजच वाटते त्याले. मार खाल्ला का पैसा पचते.”

“आणि हात का असे लपवले?”

“हात फुटला तं भाकर फुटली. बाकीच्या आंगाले काय होते?”

मी त्याला बजावलं, की माझ्या पार्लरात पुन्हा पैशावर खेळायचं नाही. त्याने ते मान्य केलं आणि पाळलंही. मात्र त्यानंतर वरोऱ्यावरून जाताना सकाळी तो हमखास यायचा, एकटाच टेबलावर हात साफ करायचा आणि त्या बदल्यात माझ्या स्टिकांच्या टोकांना चामडी टिपा बसवून द्यायचा. हळूहळू मी त्याला वामनभाऊ म्हणायला लागलो.

वामनभाऊ मूळचे चंद्रपूरकडच्या एका कोळसा खाणीच्या वसाहतीतले. तिथल्या साहेबलोकांच्या क्लबात ते मार्कर होते, म्हणजे गुण मांडायचे, बॉल लावायचे आणि एखाद्या साहेबाला जोडीदार नसला की त्याच्याशी खेळायचे. साहेबाशी खेळताना हरायचं कसं, हे त्यांचं पहिलं शिक्षण. “नोकरी टिकवाची तं साहेबाले जिकू द्याचं, पन त्याले वाटलं पायजे का आपनच जिकलो,” असं ते म्हणायचे. क्लब बंद पडला. हरायची ही विद्या घेऊन ते वणी, भद्रावती, बल्लारपूर, राजुरा, वडसा असे गावोगाव फिरू लागले. प्रत्येक गावात एकदाच खेळायचं, मार खायचा आणि गाडी पकडायची. मार खाल्लेल्या गावात वर्षभर पाय ठेवायचा नाही; वरोरा तेवढा अपवाद, तोही सकाळी, ट्रकवरची पोरं नसताना. वरचे दात भद्रावतीत गेले, डाव्या कानाचं ऐकू येणं बल्लारपुरात. दुकानाचा जमाखर्च सांगावा तसं ते हे सांगायचे आणि मला हसू आणि राग दोन्ही एकदम यायचं.

त्यांना भीती वाटायची ती न मारणाऱ्या माणसाची. राजुऱ्याला एक मास्तर त्यांच्याशी हरला. त्याने शांतपणे पैसे दिले, हात जोडले आणि चपला घालायला लागला. वामनभाऊंना घाम फुटला. “असा मानूस मांगं मांगं येते, मालक. थो स्टँडवर चाकू काढते.” म्हणून त्यांनीच मास्तरला डिवचलं, “काऊन मास्तर, शाळेत पोराईले बी असंच शिकवता का?” मास्तरने फिरून अशी चपराक ठेवून दिली, की वामनभाऊ खुर्चीसकट आडवे झाले. मग मास्तरला आवर घालता येईना. दोघांनी धरलं तेव्हा कुठे तो थांबला. “मंग मले बरं वाटलं,” वामनभाऊ म्हणाले, “निवांत चहा पेलो.”

बियाण्याच्या बॅगेपायीही त्यांनी एकदा मार खाल्ला. बॅगेत सोयाबीनच्या दोन-चार पिशव्या असायच्या, कुठून आणायचे देव जाणे. घरी बायकोलाही त्यांनी आपण बियाण्याचे एजंट आहोत असंच सांगितलं होतं. एका शेतकऱ्याने गळ घालून एक पिशवी विकत घेतली. ती काही उगवली नाही. पुढच्या हंगामात माझ्याच दारासमोर त्याने वामनभाऊंची गचांडी धरली आणि पायताणाने तोंड सुजवलं. मी सोडवायला गेलो तर मलाही एक बसली. आत आल्यावर वामनभाऊ भयंकर चिडलेले होते. इतक्या वर्षांत मी त्यांना चिडलेलं पाहिलं ते तेवढंच. “हा मार फुकट गेला! याच्यावर एक रुपया पचला नाई!”

“उलटून एकदा तरी हाणा की कोणाला,” मी म्हणालो.

“आपला हात टेबलावर चालते, मालक. मानसावर नाई चालत.”

आता ज्या दिवसाबद्दल लिहायचं, त्या दिवसाकडे यायला हवं. वैनगंगेपलीकडच्या एका गावात मला जुनं टेबल बघायला जायचं होतं. गावाचं नाव लिहीत नाही, कारण केस अजून चालू आहे. वामनभाऊ म्हणाले, मी बी येतो. त्या गावच्या पार्लरात दिलीप मडावी नावाचा एक जवान पोरगा खेळतो आणि नदीच्या रेतीचा धंदा करणारा एक शेठ त्याच्यावर मोठे पैसे लावतो, असं त्यांच्या कानावर आलं होतं. दिलीप त्याच शेठचा ट्रॅक्टर चालवायचा. तो जिंकला की शेठ त्याच्या पाठीवर थाप मारायचा, हरला की त्याच पाठीवर पट्टा. हे मला तिथे पोचल्यावर, टेबलाचा भाव करता करता मालकाकडून कळलं.

भर दुपार होती. आम्ही ओळख न दाखवता वेगवेगळे आत शिरलो होतो. वामनभाऊंचं नाटक नेहमीसारखं सुरू झालं. बस चुकली, बॅग ठेवली, स्टिक उलटी धरली. शेठ खुर्चीत बसून हसत होता, त्याची तीन-चार माणसं दाराशी तंबाखू-सुपारीचा खर्रा घोटत होती. दिलीप मात्र हसत नव्हता. तो गप्प, मान खाली घालून खेळायचा, आणि फार सुंदर खेळायचा. वामनभाऊ ठरल्याप्रमाणे हरत होते, पण त्यांची नजर मी ओळखत होतो. ती दिलीपच्या हातावरून हलत नव्हती.

मग तो शॉट आला. काळा बॉल कोपऱ्याच्या पॉकेटाजवळ आणि पांढरा बॉल दुसऱ्या दोन बॉलांच्या आड पूर्ण झाकलेला. काळा दिसतच नव्हता. दिलीपने क्षणभर टेबल पाहिलं, पांढरा उलट्या बाजूला मारला, तो एका काठाला लागला, दुसऱ्या काठाला लागला, लांबून वळसा घेऊन आला आणि काळ्याला हलकेच आत ढकलून गेला.

वामनभाऊंनी स्टिकचं बूड फरशीवर ठोकलं. ठक, ठक.

साहेबांच्या क्लबातली ही रीत. समोरच्याने शॉट मोठा मारला की टाळ्या वाजवायच्या नाहीत, स्टिक फरशीवर ठोकायची. वसाहतीत त्यांनी ती वर्षानुवर्षं पाळली असणार. आज ती नकळत हातून घडली. दिलीपलाही ती रीत ठाऊक होती, मोबाइलवर सामने बघून असेल. त्याने पहिल्यांदा मान वर केली, हसला आणि किंचित झुकला.

शेठ खुर्चीतून उठला. “का बे एजंट? स्टिक धरता येत नाई, अन् ठोकता कसं येते?” मग तो दिलीपकडे वळला. “तू याले ओळखतं?”

“नाई शेठ. मायच्यान नाई.”

“हा आता हरून राह्यला. मी डाव वाढवला का मंग तू हरशील. तुमी दोघं मिळून मले कापून राह्यले!”

दिलीप ‘नाई’ म्हणायला तोंड उघडतो तोच शेठने स्टिक उलटी धरून जाड टोक त्याच्या तोंडावर हाणलं. दुसरा घाव डोळ्यावर बसला. तो आवाज मी लिहू शकत नाही. दिलीप टेबलाला धरून खाली सरकला आणि माणसं त्याच्यावर तुटून पडली. एकाने खांद्यावरच्या दुपट्ट्यात दोन बॉल बांधले आणि तो गरगर फिरवायला लागला. आमच्याकडे कोणाचं लक्ष नव्हतं. त्यांना परका नको होता, घरचा फितूर हवा होता. दार उघडं होतं. मी वामनभाऊंचा दंड धरून त्यांना बाहेर ओढलं. ते पायरीपर्यंत आले.

“मालक, हा मार त्याचा नोहे,” ते म्हणाले आणि माझा हात झटकून आत गेले.

“सोडा त्याले! चोट्टा मी आहो! पोरगा मले ओळखत नाई!” असं ओरडत ते त्या गर्दीत घुसले आणि दिलीपच्या अंगावर पालथे पडले. आणि ज्या हातांना त्यांनी जन्मभर काखेत जपलं, ते दोन्ही हात पसरून त्यांनी दिलीपचं डोकं झाकलं. दुपट्ट्यातले बॉल त्या हातांवर पडत राहिले. बोटं मोडल्याचं ऐकू येत होतं. कंबरेत, पाठीत लाथा बसत होत्या. मी आत जाऊन एकाची मान धरली, तर माझ्या खांद्यावर स्टिक मोडली. मी बोंबलत होतो, पार्लरचा मालक बोंबलत होता. एरवी पहिल्या लाथेला अख्खा बाजार गोळा करणारे वामनभाऊ तेवढे त्या दिवशी एकदाही ओरडले नाहीत.

आमच्या बोंबलण्याने लोक जमले, शेठ गाडीत बसून निघून गेला. दोघांनाही आम्ही चंद्रपूरच्या दवाखान्यात आणलं. दिलीपचा डोळा गेला होता. वामनभाऊंच्या दोन्ही हातांना प्लास्टर, आणि पोटात रक्त साचलं होतं. त्यांची बायको गावाहून आली, त्यांच्या हातांकडे बघून माझ्यावरच ओरडली, “बियानं उगवलं नाई म्हनून इतकं मारते का कोनी? तुमी होते नं तिथी?” मी मान खाली घातली. तिला खरं माहीत होतं का नव्हतं, ते मी आजपर्यंत विचारलेलं नाही.

तिसऱ्या वॉर्डातून दिलीप भिंत धरत आला. अर्ध्या तोंडाला पट्टी होती. गावात एव्हाना सगळे त्याला म्हणायला लागले होते, की त्या एजंटाने मुद्दाम ठोकून तुला अडकवलं. तो खाटेशी उभा राहिला. मग म्हणाला, “भाऊ, खरं सांगा. मले फसवाले ठोकलं का?”

वामनभाऊंच्या तोंडात कवळी नव्हती, गाल बसले होते. शब्द जुळवायला त्यांना वेळ लागला.

“फसवाले मी खराब खेळतो, बापू. ठोकलं ते खरं.”

दिलीप खाटेच्या कडेला बसला आणि एका डोळ्याने रडायला लागला. वामनभाऊ त्याच्याकडे बघत होते. “काय शॉट मारला रे,” एवढंच ते आणखी म्हणाले. दोन दिवसांनी ते गेले.

दिलीप आता स्टिक धरत नाही. शेठ जामिनावर मोकळा आहे, साक्षीदार एकेक करून फिरले. मी फिरलो नाही, म्हणून तारखा पडत राहतात, आणि अधूनमधून माझ्या पार्लरासमोर एखादी अनोळखी गाडी उगाच थांबून जाते. पोरं खेळत असतात. कोणी एखादा खरोखर सुरेख शॉट मारतो आणि माझा हात आपसूक स्टिककडे जातो. पण ठोकायच्या आधी मी दाराकडे बघतो, कोण उभं आहे ते.