हमिंगबर्ड कोणी काढला?

प्रज्ञाताई रामटेके यांच्यावर अन्याय झाला तो गेल्या दसऱ्यानंतरच्या सोमवारी, जेवणाच्या सुट्टीत, अख्ख्या मजल्यादेखत. ताई गेल्या महिन्यात गेल्या, झोपेतच. शोकसभेत जो तो ‘शांत स्वभाव’ म्हणाला. खोटं आहे. त्यांना गप्प बसवलं होतं.

भंडाऱ्याहून चित्रकला शिकून त्या पुण्यात आल्या, शनिवार पेठेत खोली घेतली, आणि परदेशी पुस्तकांची चित्रं हिंजवडीत काढून घेतली जाऊ लागली तेव्हापासून आमच्या कंपनीत होत्या. शेवटचं मोठं काम हमिंगबर्डचं. दक्षिण अमेरिकेतल्या डोंगरांवर, ढगांत बुडालेल्या जंगलात राहणारा अंगठ्याएवढा पक्षी. ताईंनी तो कधी पाहिला नव्हता. त्याचा गळा समोरून धगधगता जांभळा, जरा वळला की काळा... फोटोंत ते वळण सापडेना. मग त्यांनी हलला की रंग पालटणाऱ्या धूपछाव खणाचा तुकडा आणून मॉनिटरवर टांगला आणि दिवसभर तो हलवून बघत राहिल्या. शेजारच्या निखिलने विचारलं, ताई, पक्ष्याला ब्लाउज शिवताय का? “शिवतेय. तुझ्या लग्नात तुझ्यापेक्षा तोच बरा दिसेल,” मान न वळवता म्हणाल्या.

पक्षी जमला तेव्हा सगळे त्यांच्या खुर्चीमागे गोळा झाले होते. प्रकाशकाने विचारलं, चित्रकाराचं नाव कळवा, खाली छापू. मॅनेजरांनी कंपनीचं नाव कळवलं. टीमचं काम आहे, म्हणाले. ताई डबा तसाच ठेवून उठल्या.

“सर, टीममधल्या कोणी कोणी हा पक्षी काढला तेवढं सांगा. मी त्यांच्या खाली माझं नाव लावते.”

मी कंपनीतल्या कर्मचारी संघटनेचं काम करतो; मी तोंड उघडलं, तर मॅनेजरांनी ‘तुझी पत्रकं गेटबाहेर वाट’ असं ऐकवलं. बाकी मजला आपापल्या डब्यात बघत राहिला...

छापलेलं पुस्तक कंपनीच्या दारातच काचेच्या कपाटात आहे. शोकसभेनंतर ताईंची आई ते बघायला आली. चित्र तिने लगेच ओळखलं. खालची ओळ मला वाचायला लावली. मी वाचली.

“माह्या पोरीचं नाव कुठी हाये?”

पुढच्या आवृत्तीचं काम त्याच मजल्यावर सुरू झालंय. नाव अजून बदलता येतं, पण प्रकाशकाला साक्षीदार हवेत, माझा एकट्याचा मेल पुरत नाही. म्हणून त्या मजल्यावरच्या, आज चहाबरोबर ही पुरवणी चाळणाऱ्या तुम्हालाच सांगतो. उद्या कंपनीच्या बसमध्ये चढायच्या आधी प्रकाशकाला एवढंच लिहा : हा पक्षी प्रज्ञा रामटेके यांनी काढला, मी पाहिलंय. आणि खाली स्वतःचं नाव घाला.