चाळीस खणांचं राज्य

एका मंगळवारी दादा मोटारसायकलवरून कामाला गेला. वाटेत अपघात झाला आणि तो वारला. मी तेव्हा कॉलेजात होते. त्या दिवसापासून आप्पांनी घरात त्याचा विषय काढला नाही.

आप्पा नाशिक रोडला टपालाच्या सॉर्टिंगमध्ये होते. त्यांच्या कचेरीत भिंतीला लागून गावोगावच्या पत्रांचे खण होते. लहानपणी ते पाहून आल्यावर मी आणि दादानं कॅलेंडरच्या पाठीवर चाळीस खण आखले आणि त्यांत एक राज्य वसवलं. सिन्नरच्या खणात आग ओकणारा राक्षस, इगतपुरीच्या खणात ढगांचा राजा.

पुढं इंटरनेटवर रोजनिशी लिहू लागले, तेव्हा पहिल्या पानावर मी तेच खण काढले. दादावर लिहिलेलं पान आप्पांनी वाचावं, असं फार वाटे. सांगायचं धाडस नव्हतं. शेवटी एका दुपारी त्यांना सायबर कॅफेत नेलं.

“अनुक्रमणिका कुठंय?”

“हीच की. राक्षसावर क्लिक केलं की माझ्या ऑफिसच्या कटकटी. ढगांच्या राजाकडे वाचलेली पुस्तकं.”

“आणि ही घंटा?”

“पाहुण्यांनी वाजवायची आणि निरोप लिहायचा.”

“अगं, मी असं टपाल लावलं असतं तर पहिल्याच दिवशी घरी बसवलं असतं मला!”

पण घंटा त्यांनी दोनदा वाजवली. मग खालच्या उजव्या कोपऱ्यात थांबले. तिथं ‘धुक्याचा प्रदेश’ असं लिहिलं होतं.

“इथं कोण राहतं?”

“दादा.”

त्यांनी ते पान उघडलं. ओळीखाली बोट धरून सगळं वाचलं, चष्मा पुसला.

“या कोपऱ्यात आम्ही पत्ता न लागणारं टपाल टाकायचो,” ते म्हणाले. “त्याचा पत्ता लागत नाही असं कोण म्हणालं तुला? वरच्या ओळीत घे त्याला. हाताशी.”

मला तो कोपरा फक्त शांत वाटला होता. मी तिथंच बसून खण बदलला. आप्पांनी खुर्ची पुढं ओढली.

“आणि तिकिटाचं नाही लिहिलंस? कपाळाला तिकीट चिकटवून उभा राहिला होता कार्टा माझ्यापुढं. म्हणे, मला इगतपुरीला मामाकडे पाठवा!”

“मग?”

“मग काय, शिक्का मारला. दंडावर.”

आम्ही इतके हसलो की शेजारचे वळून बघू लागले.

ती वेबसाइट आता बंद आहे. पानांच्या छापील प्रती माझ्याकडे आहेत. दादाच्या खणात अकरा नोंदी आहेत. त्यांतल्या दहा आप्पांनी सांगितलेल्या आहेत.